जिंजाचे धावते पाणी

पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशात दोन-दोन वर्षे राहून खेड्यातील शाळेत, दवाखान्यात किंवा एखाद्या स्थानिक संस्थेत काम करणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांमध्ये १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक प्रघात रूढ झाला, आणि पुढे तो इतका पक्का झाला की त्यांच्या तेथील वास्तव्याचा तो जवळजवळ ठरलेला भाग बनला. एखाद्या शुक्रवारी देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून ही तरुण मंडळी सामायिक भाड्याच्या गाड्यांनी निघत, राजधानी कंपालाच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या जिंजा या शहरी एकत्र जमत, शनिवारचा दिवस रबरी तराफ्यावर बसून नाईल नदीच्या खळाळांतून उतरण्यात घालवत आणि रविवारी आपापल्या खेड्याकडे परतत. नकाशांच्या, धरणांच्या, आगगाड्यांच्या इतिहासात अशा सहलींना जागा मिळत नाही. तरीही ज्या पाण्यावर ही सहल होते त्या पाण्याचा भूतकाळ पाहिला, तर या दोन सुट्ट्यांच्या मागे दीडशे वर्षांच्या घडामोडींची मोठी रांग उभी असल्याचे दिसते.

येथे खळाळ हा शब्द नदीच्या अशा टप्प्यासाठी वापरला आहे, जेथे पाणी उंच कड्यावरून एकदम खाली पडत नाही, तर उतरत्या खडकाळ पात्रातून फेसाळत, लाटा उभ्या करत आणि भोवरे घेत वेगाने पुढे जाते. जिंजाच्या परिसरात इंग्रजांनी अशा टप्प्यांनाही सरसकट धबधबा म्हटले, त्यामुळे जुन्या लेखनातील रिपन, ओवेन, बुजागाली ही नावे वाचताना गिरसप्प्यासारखे दृश्य डोळ्यांपुढे आणणे चुकीचे ठरते. या खळाळांचे मोल निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी वेगवेगळे ठरवले आणि प्रत्येक नव्या मोलापायी आधीचे काही ना काही पाण्याखाली गेले. ‘पाण्याखाली गेले’ हे शब्द येथे पुष्कळदा अक्षरशः घ्यावे लागतात.

व्हिक्टोरिया सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून अधिक आहे, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,१३४ मीटर उंचीवरच्या या विस्तीर्ण जलाशयातून पाणी बाहेर पडण्याची वाट एकच आहे, ती जिंजाला. तेथून नदी उत्तरेकडे क्योगा सरोवरापर्यंत जाते आणि या मार्गाच्या पहिल्या भागात ती वारंवार खडकांवरून उतरते. पश्चिम काठावर बागांडा लोकांचे बुगांडा राज्य आणि पूर्व काठावर बासोगा लोकांच्या लहान लहान सरदाऱ्यांचा बुसोगा प्रदेश, अशी ही नदी पूर्वापार सीमारेषा होती. बासोगा तिला कियिरा म्हणतात. जिंजा हे नावही दोन्ही काठांवरच्या लोकांच्या भाषांतील दगड या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे, आणि शहराचे नाव मुळात नदीतल्या खडकांचे नाव होते ही गोष्ट पुढील हकिकतीत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ज्या खडकांनी नाव दिले ते खडक आज दिसत नाहीत.

बासोगांच्या दृष्टीने नदीतील प्रत्येक मोठा खळाळ हे एखाद्या दैवताचे ठाणे होते आणि त्यांतील सर्वांत थोर ठाणे जिंजापासून थोडे खाली असलेले बुजागाली. दैवताचे नाव तेच आणि त्या दैवताचा ज्याच्यात संचार होतो त्या माणसाचे नावही तेच. एक माध्यम निवर्तले की दैवत दुसऱ्याची निवड करते, अशी समजूत आहे. महाराष्ट्रात अंगात येणे किंवा झाड होणे म्हणतात त्या कल्पनेच्या जवळ ही श्रद्धा जाते, मात्र येथे संचाराची कसोटी नदीच घेते. परंपरेनुसार खरा बुजागाली तोच, जो सालीच्या वस्त्रावर बसून खळाळ पार करून दाखवतो. हे वस्त्र मुतुबा नावाच्या, वड-उंबरांच्या कुळातील झाडाची आतली साल लाकडी मोगरीने कुटून तयार करतात आणि धार्मिक विधींत त्याला मानाचे स्थान असते. फेसाळत्या पाण्यावर तरंगून पलीकडे जाणे ही रबरी तराफा येण्याच्या कितीतरी आधीची येथील कल्पना आहे, आणि तिच्यात खेळाचा अंश नव्हता. ते सामर्थ्याचे प्रमाण होते.

युरोपीय भूगोलाच्या इतिहासात या पाण्याचा प्रवेश २८ जुलै १८६२ या दिवशी झाला. त्या दिवशी जॉन हॅनिंग स्पीक हा ब्रिटिश अधिकारी सरोवराच्या उत्तर टोकाशी, नदी जेथे बाहेर पडते त्या खळाळापाशी पोहोचला आणि नाईलच्या उगमाचे कोडे सुटले असे त्याने जाहीर केले. स्पीक हा बंगाल लष्करातील होता, आणि त्याच्या प्रवासात हिंदुस्थानचा धागा याहूनही खोल गेलेला आहे. झांजिबार येथील ब्रिटिश वकील, मुंबई लष्करातील कर्नल रिग्बी, याने त्याला एक निबंध व नकाशा दिला होता. तो फ्रान्सिस विल्फर्ड याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘एशियाटिक रिसर्चेस’ या कलकत्त्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला होता आणि पुराणांच्या आधारे नाईलचा उगम दाखवल्याचा त्यात दावा होता. स्पीकला हा नकाशा फार महत्त्वाचा वाटला आणि त्याने आपल्या ग्रंथात त्याची वाखाणणी केली. प्राचीन हिंदूंना नाईलचा उगम ठाऊक होता असे विधान आजही मोठ्या अभिमानाने केले जाते, त्याचे मूळ येथे आहे. परंतु विल्फर्डला मजकूर पुरवणाऱ्या पंडिताने हस्तलिखितांत फेरफार करून साहेबाला हवी ती नावे घातली होती, हे खुद्द विल्फर्डनेच १८०५ मध्ये, म्हणजे स्पीक आफ्रिकेत पाऊल ठेवण्याच्या अर्धशतक आधी, कबूल केले होते. पुराणांना अशा उसन्या पुराव्याची गरज नाही, आणि खोटा ठरलेला पुरावा पुनःपुन्हा पुढे करण्याने त्यांचा मान वाढत नाही.

हिंदुस्थानशी असलेला खरा आणि कमी सांगितला जाणारा संबंध एका माणसाचा आहे. स्पीकच्या तांड्याचा मुख्य आधार असलेला सिदी मुबारक बॉम्बे हा याओ जमातीतला. लहानपणी त्याला पकडून गुलाम म्हणून विकण्यात आले, एका व्यापाऱ्याने त्याला हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर नेले, तेथे त्याने अनेक वर्षे काढली आणि धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन तो आफ्रिकेला परतला. त्याच्या नावातला ‘सिदी’ हा शब्द जंजिऱ्यामुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे आणि ‘बॉम्बे’ तर मुंबईच. स्पीक त्याच्याशी हिंदुस्थानी भाषेत बोले, कारण दोघांना समजणारी भाषा तीच होती. म्हणजे नाईलच्या उगमाशी झालेल्या त्या गाजलेल्या प्रवासातील कामकाजाची भाषा बऱ्याच अंशी आपल्याकडची होती. स्पीकने लिहून ठेवले आहे की या पवित्र नदीत सर्वांनी स्नान करावे असे त्याने सुचवले तेव्हा बॉम्बेने शांतपणे सांगितले, की असल्या कल्पनांत आम्ही रमत नाही. एकाच पाण्याकडे पाहणाऱ्या दोन दृष्टींची ही नोंद आहे. तिसरी दृष्टी, म्हणजे काठावरच्या बासोगा आणि बागांडा कोळ्यांची, मात्र या ग्रंथात केवळ देखाव्यापुरती येते.

त्या खळाळाला स्पीकने रिपन हे नाव दिले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ही मोहीम पाठवली तेव्हा तिच्या अध्यक्षपदी असलेला हा उमराव पुढे १८८० ते १८८४ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. स्थानिक स्वराज्याचा १८८२चा ठराव त्याचाच, आणि ज्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी बहुजनांच्या शिक्षणाविषयी आपले निवेदन सादर केले तो आयोगही त्याच्याच कारकिर्दीत नेमला गेला. स्पीकच्या दाव्याला त्याचा पूर्वीचा सहप्रवासी रिचर्ड बर्टन याने आव्हान दिले, दोघांचा जाहीर वाद १६ सप्टेंबर १८६४ रोजी व्हायचा होता, आणि आदल्याच दिवशी स्वतःच्या बंदुकीची गोळी लागून स्पीक मरण पावला. पुढे १८७५ मध्ये हेन्री स्टॅन्ले याने संपूर्ण सरोवराला वळसा घातला तेव्हा स्पीकचे म्हणणे खरे ठरले. अर्थात सरोवराला येऊन मिळणाऱ्या कागेरा नदीच्या वरच्या ओढ्यांना खरा उगम मानणारे भूगोलवेत्ते आहेत आणि रुआंडा व बुरुंडी या देशांत त्याबद्दल आजही अभिमानाने सांगितले जाते.

वसाहतीच्या राज्यकर्त्यांना मात्र हे खळाळ सर्वप्रथम अडचण म्हणून दिसले. मोंबासाहून सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार हिंदी मजुरांच्या श्रमांतून पूर्ण झाला आणि त्या कामावर सुमारे अडीच हजार मजूर मेले. तेथून पुढे सरोवरातून बोटीने जिंजाला येता येई, पण जिंजाच्या खाली नदीत बोट चालणे अशक्य होते. बुसोगातला कापूस बाहेर काढण्यासाठी म्हणून जिंजापासून नामासागालीपर्यंत, म्हणजे खळाळ संपून नदी शांत होते त्या ठिकाणापर्यंत, १९१२ साली काठाला समांतर असा स्वतंत्र लोहमार्ग घालावा लागला. ज्या पाण्यासाठी पुढच्या शतकात माणसे दूरदूरहून येणार होती, त्या पाण्याला वळसा घालण्यासाठी हा सारा खटाटोप होता.

त्याच सुमारास काठावरची वस्ती उठली, आणि याचा विचार निसर्गवर्णने वाचताना अवश्य करावा. १९००च्या सुमारास सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर निद्रारोगाची साथ पसरली. त्सेत्से नावाच्या माशीच्या दंशातून होणारा हा रोग मेंदूपर्यंत पोहोचला की माणूस झोपेच्या गुंगीत जाऊन मरतो. या साथीत बुसोगा आणि आसपासच्या भागांत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते, आणि सरकारने किनारे व बेटे सक्तीने रिकामी करवली. आज तराफ्यावरून जाताना काठांवर आणि नदीतल्या बेटांवर जी गर्द झाडी दिसते तिला प्रवासपुस्तिका ‘मनुष्याचा हात न लागलेली’ म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यातील बराचसा भाग उठून गेलेल्या गावांच्या जागी वाढलेला आहे.

दुसरी माशी थेट खळाळांचीच होती. स्थानिक लोक जिला म्ब्वा म्हणत ती बारीक काळी माशी वेगाने वाहणाऱ्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातल्या खडकांवर व वनस्पतींवर अंडी घालते. तिच्या दंशातून शरीरात जाणाऱ्या जंतांमुळे त्वचा विद्रूप होते आणि अखेर दृष्टी जाते, म्हणून या रोगाला नदीअंधत्व असे नाव पडले. जितका खळाळ देखणा तितकी माशी दाट, आणि त्यामुळे बुजागालीचा काठ सहलीसाठी तर सोडाच, शेतीसाठीही नकोसा होता. १९५०च्या दशकात वसाहतीच्या सरकारने नदीत डीडीटी हे कीटकनाशक सोडण्याची मोहीम हाती घेतली, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत नाईलच्या या पट्ट्यातून ती माशी नाहीशी झाली. जिंजाच्या आधुनिक इतिहासात धरणाला जे स्थान देतात तेवढेच या मोहिमेला द्यायला हवे, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. कारण ती झाली नसती तर उघड्या अंगाने दिवसभर या पाण्यात राहण्याची कल्पना कोणी केली नसती.

धरणाची कल्पना जुनी होती. वसाहत खात्याचा कनिष्ठ मंत्री म्हणून १९०७ मध्ये येथे आलेल्या विन्स्टन चर्चिलने हे पाणी वाया जाऊ न देता यंत्रे फिरवायला लावावे असे आपल्या प्रवासवर्णनात लिहिले. प्रत्यक्ष काम दुसऱ्या महायुद्धानंतर निघाले आणि त्यासाठी आधी कैरोची संमती घ्यावी लागली, कारण नाईलच्या पाण्यावरील इजिप्तचा हक्क १९२९च्या करारात मान्य झालेला होता. १९४९ साली झालेल्या समझोत्यानुसार इजिप्तचा एक अभियंता जिंजाला कायम राहू लागला. सरोवराची पातळी असेल त्या प्रमाणात पाणी, म्हणजे धरण नसते तर निसर्गतः जेवढे गेले असते तेवढे, खाली सोडायचे असे ठरले. पातळी आणि विसर्ग यांचे हे कोष्टक ‘संमत वक्र’ या नावाने ओळखले जाते. ओवेन फॉल्स धरणाचे उद्घाटन २९ एप्रिल १९५४ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. त्याची मूळ क्षमता १५० मेगावॉट होती. या कामासाठी रिपनच्या मुखाशी असलेले खडक फोडण्यात आले आणि स्पीकने पाहिलेला, जेमतेम चार-पाच मीटर उंचीचा तो प्रपात धरणाच्या फुगवट्यात गेला. उगम पाहायला आलेल्या माणसाला आज तेथे पाण्यावर थोडीशी चाळवाचाळव दिसते. कालांतराने धरणाला सरोवराचे स्थानिक नाव नालुबाले, म्हणजे दैवतांचे घर, हे मिळाले, एवढीच त्यातली परतफेड.

या व्यवस्थेचा सहलीशी असलेला संबंध सहज लक्षात येत नाही. महाराष्ट्रात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर तराफे चालतात ते भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटते म्हणून; जिंजाला एवढे मोठे सरोवर मागे असल्यामुळे नदी बारमाही भरलेली असते, पण किती भरलेली हे त्या १९४९च्या समझोत्यावर अवलंबून राहिले. त्यात १९६१ ते १९६४ या वर्षांत अतिवृष्टीने सरोवर सुमारे अडीच मीटर चढले आणि नदीचा विसर्ग जवळजवळ दुप्पट झाला. जिंजाच्या खळाळांची ज्यासाठी पुढे जगभर ख्याती झाली ते पाण्याचे प्रचंड आकारमान या पावसाची देणगी आहे.

जिंजा शहर तोवर हिंदी व्यापाऱ्यांचे झाले होते. कापसातली सरकी काढण्याच्या गिरण्या, जवळच काकिरा येथे मुळजीभाई माधवानी यांनी १९३०मध्ये उभारलेला साखर कारखाना, मुख्य रस्त्यावरची दुमजली दुकाने हे सारे बहुतांशी गुजराती उद्योगातून आलेले होते. गोमंतकीय मंडळी युगांडाच्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी सांभाळत होती आणि एन्टेबी, कंपाला येथे त्यांच्या संस्था होत्या. महात्मा गांधींच्या अस्थींचा एक भाग १९४८ मध्ये येथेच नाईलमध्ये विसर्जित करण्यात आला, आणि १९९७ साली तेव्हाचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांनी त्या जागी गांधींच्या अर्धपुतळ्याचे अनावरण केले. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा जिंजाच्या बाजारपेठेतील बहुतेक घरे एकाच पावसाळ्यात रिकामी झाली.

परदेशी स्वयंसेवकांची पहिली पिढीही त्याच वर्षी गेली. ब्रिटनची व्हीएसओ ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली आणि अमेरिकेची पीस कोअर १ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आदेशाने. तरुणांनी पगाराऐवजी निर्वाहापुरता भत्ता घेऊन नवस्वतंत्र देशांत दोन वर्षे काम करावे, तेथील भाषा शिकावी आणि तेथल्याच लोकांसारखे राहावे, अशी त्यामागची कल्पना होती. भारतातही पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात होते. युगांडात ते १९६४ पासून मुख्यतः शिक्षक म्हणून आले आणि १९७२ मध्ये परत बोलावले गेले. त्यानंतरच्या वर्षांत या नदीचे जे झाले ते सांगताना लेखणी जड होते: राजवटीने मारलेल्यांची प्रेते नाईलमध्ये टाकली जात आणि ओवेन फॉल्सच्या धरणाशी येऊन अडकत, हे त्या काळातून वाचलेल्या अनेकांनी नोंदवून ठेवले आहे. जिंजाच्या पाण्यावर हसण्याचे आवाज ऐकू यायला मधे एवढा काळ जावा लागला.

१९८६ नंतर देशाच्या दक्षिण भागात स्थैर्य आले, हिंदी कुटुंबांपैकी काही परतली, एड्सच्या साथीशी झुंजणाऱ्या संस्था वाढल्या आणि पीस कोअर १९९१ मध्ये पुन्हा आली. १९९९ ते २००१ या काळात तिचे काम थांबले, मग ते पुन्हा सुरू झाले. १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या कॅम मॅक्ले यांच्या अ‍ॅड्रिफ्ट या कंपनीने येथे व्यावसायिक राफ्टिंग सुरू केले आणि लवकरच दुसऱ्या कंपन्या आल्या. खळाळांची अवघडता एक ते सहा अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीत मोजतात, ज्यात पाचवी श्रेणी सरावलेल्या माणसाच्या देखरेखीखाली पार करता येणारी आणि सहावी जवळजवळ अशक्य मानली जाते. जिंजाला पाचव्या श्रेणीचे अनेक टप्पे एकाच दिवसाच्या अंतरात होते, आणि पात्र खोल व पाणी ऊबदार असल्यामुळे तराफा उलटला तरी खडकावर आपटण्याचा धोका इतर नद्यांच्या मानाने कमी होता. असा संयोग जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो.

या प्रघाताचा खरा आधार मात्र पाण्याइतकाच एकटेपणात होता. खेड्यात राहणारा स्वयंसेवक दिवसाचा प्रत्येक क्षण लोकांच्या नजरेत असे. रस्त्याने निघाला की मुले ‘मुझुंगु’, म्हणजे गोरा किंवा परका, अशी हाक मारत मागे येत, आणि नव्याने शिकलेल्या भाषेत मनातले सारे काही सांगता येत नसे. त्यामुळे महिन्याकाठी आपल्यासारख्याच अवस्थेतल्या चार जणांशी आपल्या भाषेत बोलण्याची ओढ समजण्यासारखी होती. प्रवासही ठरल्यासारखा असे: मटाटू, म्हणजे चौदा जणांची वडाप गाडी, माबिरा जंगलाच्या अलीकडे नामावोज्जोलोच्या थांब्यावर काठीला लावलेली भाजकी कोंबडी आणि भाजलेली गोंजा केळी खिडकीतून विकणाऱ्यांची गर्दी, जिंजाला उतरल्यावर बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची दुचाकी, आणि रात्री रस्त्याकडेच्या गाड्यावरचा रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेले आम्लेट. हा पदार्थ बुसोगात निघाला असे मानतात, आणि त्यातली चपाती ज्यांनी आणली त्यांना १९७२ मध्ये हाकलले गेले होते. मुक्कामाची जागाही पुष्कळदा त्यांच्याच सोडलेल्या बंगल्यात असे, आणि बाजारातील इमारतींच्या कपाळावर जुन्या मालकांची नावे व बांधकामाची साले तेव्हाही वाचता येत होती.

सकाळी शिरस्त्राण आणि लाइफ जॅकेट चढवून, वल्हे कसे धरायचे आणि आज्ञा झाली की तराफ्यात खाली कसे बसायचे हे शिकून मंडळी पाण्यात उतरत. शांत पाण्यात एकदा तराफा मुद्दाम उलटवून सराव करून घेतला जाई, आणि छोट्या कयाकमधून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या बंद होडीतून, काही जण पडलेल्यांना उचलायला सोबत असत. सुरुवातीला हे काम परदेशी करत, नंतर काठावरच्या गावांतली मुले ते शिकली आणि त्यांतून युगांडाचे उत्कृष्ट कयाकपटू तयार झाले. या मुलांचे पाण्याशी नाते त्याआधीचेच होते: बुजागालीला प्लास्टिकच्या पिवळ्या कॅनला कवटाळून खळाळातून पोहत जाणारे तरुण पाहुण्यांकडून चार पैसे घेत, आणि ती कसरत तराफ्यावरच्या कोणत्याही साहसापेक्षा मोठी होती. परतल्यावर स्वयंसेवकांना आणखी एक काम उरे, ते म्हणजे काही आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे औषध घेणे, कारण संथ पाण्यातल्या गोगलगायींतून होणारा बिल्हार्झिया हा रोग या सरोवरात व नदीत आहे. काळी माशी गेली, गोगलगाय राहिली.

२००४ ते २००६ मध्ये सरोवर झपाट्याने खाली गेले. दुष्काळ हे एक कारण होते. ओवेन फॉल्सच्या जोडीला उभारलेल्या कियिरा वीजगृहासाठी संमत वक्रापेक्षा जास्त पाणी सोडले गेले हे दुसरे. वीज तासन्‌तास जाऊ लागली आणि बुजागाली येथे धरण बांधण्याचा जुना, एका परदेशी कंपनीने २००३ मध्ये सोडून दिलेला प्रस्ताव पुन्हा पुढे आला. दवाखान्यात लस थंड ठेवायला वीज लागते आणि मुलांना अभ्यासाला दिवा लागतो हे त्या स्वयंसेवकांइतके कोणाला ठाऊक नव्हते. ज्या खेड्यांसाठी ते काम करत होते त्यांची गरज आणि ज्या पाण्यावर ते विसावा घेत होते त्याचे रक्षण या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या आड आल्या, आणि या पेचाला सोपे उत्तर होते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. तरी बासोगांच्या बाजूने जे घडले ते नीट झाले नाही. दैवताला नव्या जागी नेण्यासाठी विधी करण्यात आले, पण ज्यांना अनेक बासोगा बुजागालीचे खरे माध्यम मानत त्या नबांबा बुधागाली यांचे म्हणणे असे होते की हे दैवत खळाळाचे आहे, ते उचलून नेता येत नाही. प्रकल्पाच्या कागदपत्रांत स्थलांतर या सदराखाली घरे आणि शेते यांच्या शेजारी देवतेचाही विचार व्हावा, ही गोष्ट विलक्षण आहे; आणि तो विचार खर्चाची एक बाब म्हणून व्हावा ही दुःखाची. २०११च्या अखेरीस जलाशय भरू लागला आणि २५० मेगावॉटचे धरण २०१२ मध्ये सुरू झाले. बुजागालीचा खळाळ, कॅनवरून पोहणाऱ्या तरुणांच्या कमाईसह, तळाशी गेला.

या धरणाला साहाय्य देताना जागतिक बँकेने युगांडा सरकारशी २००७ मध्ये एक करार केला होता. बुजागालीच्या बदल्यात, खाली असलेला कालागाला व इतांडा हा टप्पा वीजनिर्मितीसाठी वापरायचा नाही आणि त्याच्या काठाचे वन जपायचे, असे त्यात ठरले. कालागाला आणि इतांडा ही एकाच ठिकाणची दोन नावे म्हणता येतील: मधल्या बेटाच्या पश्चिमेकडून बुगांडाच्या बाजूने उतरणारा फाटा पहिला आणि पूर्वेकडून बुसोगाच्या बाजूने उतरणारा दुसरा. हा करार असतानाच आणखी खाली इसिंबा येथे चिनी कर्जातून १८३ मेगावॉटचे धरण उभे राहिले आणि मार्च २०१९ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच्या फुगवट्याने कयाकपटूंना प्रिय असलेल्या खालच्या लाटांवर पाणी फिरवले. वरून बुजागालीचे आणि खालून इसिंबाचे पाणी चढल्यावर तराफ्यांसाठी मधला तुकडा उरला. आदल्या वर्षी, १७ ऑक्टोबर २०१८ रोजी, जिंजाला ५२५ मीटर लांबीचा नवा पूल खुला झाला होता, त्यामुळे कंपालाहून येणाऱ्या गाड्यांना जुन्या धरणाच्या माथ्यावरून रांगेत जाण्याची गरज उरली नव्हती. वाट सोपी झाली तेव्हा नदी आखूड झालेली होती.

उरलेल्या टप्प्यात इतांडा हा सर्वांत भयंकर खळाळ आहे आणि त्याचा वरचा भाग सहाव्या श्रेणीचा मानला जात असल्याने पाहुण्यांना तेथे उतरवतात. सहलीतली मंडळी काठाच्या पायवाटेने चालू लागतात, तराफे खांद्यावर घेऊन जाणारी माणसे त्यांच्या पुढे असतात, आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा याच पाण्यापुढे कोंबडा आणि सालीचे वस्त्र ठेवत, अशा काठावरच्या गावांतली दोन-तीन मुले आपापल्या कयाकमध्ये बसून, वल्हे आडवे धरून, पाण्याकडे थोडा वेळ पाहतात आणि मग उतरतात.